कपाट देऊन ड्रॉवर

बँडमधले सगळे त्यांना भावजी म्हणत. खरं तर ते भावजी होते एकट्या ड्रमवाल्याचे, म्हणजे बँड चालवणाऱ्या त्यांच्या मेहुण्याचे. पण मेहुण्यानं एकदा भर तालमीत तशी हाक मारली आणि गाणाऱ्या बाईंपासून हॉलच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. भावजींनी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला अंगात जोर लागतो, आणि तो त्यांना हल्ली जपून वापरावा लागत असे.

दिवसभर ते औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे असत. कोणाला खोकला, कोणाला पित्त, कोणाला गुडघेदुखी. ज्याला त्याला काढून द्यायचं, कधी घ्यायचं ते दोनदा सांगायचं. गुडघ्याची ट्यूब पुढे करताना त्यांचे स्वतःचे गुडघे काउंटरखाली कुरकुरत असत. संध्याकाळी तिथून सुटायचं, घरून बास गिटार उचलायची आणि हॉलवर जाऊन पुन्हा उभं राहायचं. हॉलमध्ये लोक जेवत, नाचत, आणि एका कडेला हा बँड वाजवत असे.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. तिनं पुढे येऊन मिरवायचं नसतं. ती वाजत असते तोवर तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती थांबली की मात्र नाचणाऱ्यांची पावलं चुकायला लागतात आणि त्या बिचाऱ्यांना वाटतं, आपल्यालाच नाचता येत नाही. भावजींना हे काम मनापासून आवडायचं. दुकानात माणसं त्यांच्याशी फक्त दुखण्याबद्दल बोलत. इथं कोणी काही विचारत नसे, आणि तरी त्यांच्यावाचून कोणाचं चालत नसे.

त्यांची गिटार मात्र भलतीच जड होती. बँडमध्ये तिला कपाट म्हणत. भावजी आले का, असं कोणी विचारलं की उत्तर यायचं, आलेत, कपाटामागे आहेत. आवाज असा भरदार की कानाआधी पोटाला कळावा. पण तिचा पट्टा रोज डाव्या खांद्यात रुतून रुतून तिथं आता कायमचा वळ पडला होता, आणि एका संध्याकाळी नको ते झालं. ऐन रंगात आलेल्या गाण्यात भावजींच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या, बोटं तारांवर आहेत की नाहीत तेच कळेना, आणि बास गप्प झाला. समोर नाचणारं एक जोडपं एकमेकांच्या पायावर पाय देऊन थांबलं.

मेहुण्यानं ते गाणं कसंबसं संपवलं. सामान गाडीत चढवताना तो बोलला.

"भावजी, वजन कमी करा."

"माझं की कपाटाचं?"

"हसण्यावारी नेऊ नका."

मग त्यानं दुसरीकडे बघत सगळं सांगून टाकलं. हॉल आता रंगकामासाठी बंद राहणार होता. तो उघडेपर्यंत भावजींनी खांद्याचा काय तो बंदोबस्त करावा. नाहीतर एक नवा बासवाला कधीचा मागे लागला आहे, त्याला घ्यावं लागेल. तो जोमानं उभा राहतो, वाजवता वाजवता नाचतोसुद्धा. बसून वाजवलं तर चालेल का, असं भावजींनी विचारून बघितलं. मेहुणा म्हणाला, बँड आहे, दवाखान्याची रांग नाही. तू स्वतः बसूनच वाजवतोस की, हे भावजींच्या ओठांवर आलं होतं, पण ड्रमवाले बसतातच, त्याला कोण काय करणार. ते गाडीत बसले आणि कपाट मांडीवर घेतलं.

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याच्याकडे मी बघते. लहानपणी त्याच्या पाठीत धपाटे घातलेत मी."

भावजींनी तिला शपथ घालून थांबवलं. बायकोच्या वशिल्यावर टिकलेली जागा त्यांना नको होती. जागा टिकवायची तर वाजवून टिकवायची. म्हणजे हलकी गिटार शोधायची.

वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते हिंडले. एक गिटार आखूड मानेची मिळाली, हाताला अगदी लोण्यासारखी, पण आवाज पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. एक आतून पोकळ होती, पिसासारखी हलकी, पण शेजारी ड्रम वाजला की आपणहून घुमू लागायची. एकीचा आवाज आवडला, तर तिची मान इतकी जाड की बोटांनी कवळताना मनगट रडकुंडीला आलं. हलकेपणा, आराम आणि आवाज या तिघांचं आपसांत पटत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं. दोघांना जमवावं तर तिसरा रुसतो.

शेवटी गाणाऱ्या बाईंनी एक पत्ता दिला. लाँड्री चालवणाऱ्या एक बाई होत्या. दुसऱ्या एका बँडमध्ये बास वाजवायच्या. त्यांच्याकडे हलकी गिटार होती आणि त्यांना जड, भरल्या आवाजाची हवी होती. वर्षानुवर्षं इस्त्री फिरवून त्यांचे दंड असे झाले होते की कपाट त्यांनी पुस्तकासारखं उचललं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, घड्या घातलेल्या चादरींच्या चळतींमध्ये त्या उभ्या राहिल्या, पट्टा चढवला आणि एक अख्खं गाणं वाजवलं. चेहरा खुलला.

बास वाजवणाऱ्यांत अदलाबदलीची एक साधी रीत आहे. पट्टा खांद्यावर घालून, उभं राहून, एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आणि मगच हो किंवा नाही म्हणायचं. एकदा हो म्हटलं की मागे फिरायचं नाही.

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या. "उभे राहा."

"बाई, सकाळपासून उभाच आहे," भावजी म्हणाले. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर ते मटकन बसले आणि हलकी गिटार मांडीवर घेतली. बाई म्हणाल्या, रीत आहे ती रीत आहे. भावजी म्हणाले, इतकी वर्षं वाजवतोय, मला काय कळत नाही का. आणि खरंच, मांडीवर ती किती छान बसली. मान बारीक, तारा बोटांखाली मऊ, आवाज कपाटाएवढा भरीव नाही पण स्वच्छ, एकेक सूर वेगळा. गरम कपड्यांचा वास, बसायला जागा, मांडीवर हलकं ओझं. भावजींना तिथून उठावंसंच वाटेना. त्यांनी अर्ध्या गाण्यातच हो म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी पट्टा लावला, आरशासमोर उभे राहिले आणि हात सोडले. गिटारीनं मान टाकली. उचलून धरली, सोडली, पुन्हा तेच.

याचं कारण लहान मुलालाही पटेल. अंगावर लटकवलेली गिटार तराजूसारखी असते. एका बाजूला धड, दुसऱ्या बाजूला मान. धडाचं लाकूड हलकं केलं आणि मान होती तेवढीच लांब ठेवली, की मानेचं पारडं खाली जाणार. मांडीवर घेतल्यावर हे समजत नाही, कारण धडाला मांडीचा टेकू असतो. उभं राहिलं की डाव्या हातानं मान सावरायची आणि त्याच हातानं सूरही धरायचे, म्हणजे ताट हातात धरून त्याच हातानं जेवण्यासारखं. हे भावजींनाही चांगलं माहीत होतं. नव्या माणसांना त्यांनीच कितीदा सांगितलं होतं.

तालमीला त्यांनी ती तशीच नेली. कीबोर्डवाला म्हणाला, भावजींनी कपाट देऊन ड्रॉवर आणला, तोही बंद न होणारा. सगळे हसले, मेहुणा हसला नाही. दोनच गाण्यांत भावजींचं मनगट भरून आलं. मग त्यांनी रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा घेतला, म्हणजे तो खांद्यावरून घसरू नये. उपयोग थोडाच झाला. मग बायकोनं जुन्या मोज्यात नट-बोल्ट भरून तो धडाच्या टोकाला बांधून दिला. मान सरळ झाली. भावजींनी गिटार उचलून पाहिली आणि पलंगावर ठेवली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"आता कपाटाएवढीच झाली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लाँड्रीवर गेले. मागे फिरायचं नाही हे ठाऊक असून गेले, म्हणून दारात थोडे घुटमळले. बाईंनी मोजा बघितला आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही. इस्त्री बंद केली, कपाट आणून भावजींच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "या वेळी उभ्यानं. आणि गाणं पुरतं."

कपाट खांद्यावर कसं अलगद समतोल राहिलं. पहिलाच सूर चादरींच्या चळतीत घुमला आणि भावजींचे डोळे मिटले. पण गाणं अर्ध्यावर आलं तशा मुंग्या आल्या. ते रेटत राहिले. शेवटच्या कडव्याला गुडघ्यांनीही साथ सोडली आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बाई बघत होत्या.

"न्यायची तर न्या," त्या म्हणाल्या. "रीत मोडली म्हणून मी कोणाला सांगत बसणार नाही. पण नेऊन करणार काय?"

भावजींनी कपाट उतरवून त्यांच्या हातात दिलं. खांदा चोळत ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. गिटारी हिंडून हिंडून पाहिल्या, लाकूड पाहिलं, मान पाहिली, आवाज पाहिला. ती वाजवणारा माणूस तेवढा पाहायचा राहिला होता. त्या स्टुलावर बसून त्यांनी जी निवडली होती ती बसलेल्या माणसासाठी अगदी बरोबर होती.

"नको," ते म्हणाले. "हीच राहू दे. मला खुर्ची लागेल."

पुढच्या तालमीला त्यांनी मोजा सोडून टाकला आणि पट्टाही घरी ठेवला. मेहुण्याच्या गॅरेजमध्ये सगळे जमले होते. भावजींनी एक खुर्ची ओढून घेतली, बसले आणि सरळ सांगितलं की यापुढे उभं राहणं होणार नाही. बसून चालत असेल तर आहे, नाहीतर त्या नव्या मुलाला बोलव, मी वाईट वाटून घेणार नाही. शेवटचं खोटं होतं, पण आवाज स्थिर राहिला.

मेहुणा एका ड्रमचा स्क्रू आवळत होता. आवळलेला स्क्रू त्यानं पुन्हा आवळला. मग म्हणाला, हॉलच्या मॅनेजरला आवडणार नाही. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, मॅनेजर ऑफिसात पाय वर करून बसलेला असतो, त्याला काय कळतंय. कीबोर्डवाला म्हणाला, मीही बसतोच. मेहुण्यानं दोघांनाही बाहेर जाऊन जरा पाय मोकळे करून यायला सांगितलं.

ते गेल्यावर तो पुन्हा स्क्रूवर वाकला.

"तुम्ही बसलात तर मला दिसणार कसं?" तो म्हणाला.

"काय दिसायचंय?"

"तुमचा गुडघा."

भावजींना वाटलं, थट्टा चालली आहे. पण मेहुण्याची मान खाली होती. तो म्हणाला, गाणं वळायच्या जरा आधी, कडवं संपून धृपद यायच्या वेळी, तुमचा उजवा गुडघा थोडासा वाकतो. मी मागून तेवढंच बघत असतो. सुरुवातीपासून. "मला मोजता येत नाही, भावजी. मोजायला गेलो की हात अडखळतात. मी तुमच्या गुडघ्यावर वाजवतो."

"म्हणून उभं राहा, उभं राहा चाललं होतं?"

मेहुण्यानं तोच स्क्रू तिसऱ्यांदा आवळला.

"आणि तो नवा मुलगा?"

"त्याच्याबरोबर वाजवून बघितलं. तो सारखाच नाचतो. त्यातला खरा गुडघा कुठला ते कळत नाही."

भावजींना हसू आलं, पण हसायलाही जीव नव्हता. त्यांनी खुर्ची उचलली आणि ड्रमच्या अगदी शेजारी, मेहुण्याच्या नजरेसमोर आडवी लावली. बाकीचे परत आले. गाणं सुरू झालं. वळण आलं आणि मेहुणा चुकला. गाणाऱ्या बाई एकीकडे, ड्रम एकीकडे. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकला.

"टाच उचलता का तेवढ्यापुरती?" त्यानं विचारलं.

भावजींनी प्रयत्न केला. टाचेकडे लक्ष दिलं की हात चुकू लागला. गुडघा वाकतो हेच ज्याला आजवर ठाऊक नव्हतं, त्यानं आता ठरवून काय हलवायचं.

"तुम्ही काही करू नका," मेहुणा म्हणाला. "नुसते वाजवा. मी शोधतो."

तेच गाणं पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. बाईंचा आवाज बसत आला, त्या नुसत्या गुणगुणू लागल्या. कीबोर्डवाल्यानं जांभई दिली. भावजी वाजवत राहिले. पाठीला खुर्ची होती, मांडीवर हलकं लाकूड होतं, बोटं जागच्या जागी पडत होती आणि मुंग्यांचा पत्ता नव्हता. मेहुणा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मग कधीतरी वळण आलं आणि ड्रम बरोबर त्या क्षणी पडला. पुढच्या वळणालाही पडला. त्याच्या पुढच्यालाही.

गाणं संपल्यावर भावजी त्याच्याकडे वळले.

"काय दिसलं?"

"सांगणार नाही," मेहुणा म्हणाला. "सांगितलं तर बंद पडेल."

आणि त्यानं पुढच्या गाण्यासाठी काठ्या उचलल्या.