फौजदारीणबाईंची सही

पोलीस वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांत फौजदारीणबाई सकाळीच दिराच्या शर्टाला इस्त्री करत होती. फौजदार नवरा नाकाबंदीवर भरधाव ट्रकखाली गेला, त्याला आज वर्ष झालं. त्याच्या आठवणीसाठी ठाण्यात सभा होती.

"तू आपली मागं बस हं," सासरे म्हणाले. "विधवा बाईनं पुढं पुढं केलेलं बरं दिसत नाही."

"बरं, मामंजी. यांच्या जागी मला नोकरी मिळायच्या अर्जाचं काही कळलं का हो?"

"सरकारी काम ते! कळेल."

बाई काही अडाणी नव्हती. नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याचे सगळे अहवाल तीच नीट उतरवून द्यायची. पण तो गेला त्या आठवड्यात सासऱ्यांनी पुढं केलेल्या अर्जावर मात्र तिनं न वाचताच सही केली होती. घरच्या माणसावर कोण संशय घेतो?

सभेत वसाहतीतले शेजारी गळा काढून रडले, सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मग साहेब म्हणाले, "वहिनींच्या लेखी संमतीनं फौजदारांच्या भावाला आपण नोकरीत घेत आहोत."

टाळ्या कडाडल्या. दीर पत्र घ्यायला उठला.

नोकरी दिराची म्हणजे खोल्याही दिराच्या, आणि ती नि तिची चिमुरडी जन्मभर त्याच्या दारची आश्रित! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला घरचेच बसले होते.

"थांबा साहेब!" ती उभी राहिली. "सही माझी आहे, पण संमती माझी नाही. तुझाच अर्ज आहे असं सांगून मामंजींनी घेतली ती."

"खाली बस!" सासरे कडाडले. "घराची अब्रू चव्हाट्यावर आणतेस? बाईमाणूस काय ठाण्यात बसणार?"

"बसेन की! त्यांचे अहवाल कोण लिहीत होतं?"

"मग आजपासून तू आम्हाला मेलीस."

तिनं लेकीला जवळ ओढलं. "चालेल, मामंजी. पण माझी लेक कुणाच्या उष्ट्यावर वाढणार नाही."

साहेबांनी पत्र पाकिटात परत घातलं. "चौकशी करू," म्हणाले. सासरे ताडताड निघून गेले. मागोमाग दीर, आणि मान खाली घालून सासू. मघाशी गळा काढून रडलेले शेजारी आता तिची नजर चुकवत होते.

"जमवून घ्यायचं होतं बाई," कुणीतरी पुटपुटलं.

लेकीला कडेवर घेऊन ती कारकुनापाशी गेली, कोरा कागद मागितला आणि उभ्यानंच नोकरीचा अर्ज स्वतः लिहायला लागली.

वाचकहो, मेलेल्या फौजदारासाठी अख्खी सभा उभी राहिली होती. त्याच्या जिवंत बायकोसाठी एकही माणूस उठला नाही. तुम्ही तिथं असता, तर उठला असतात?