कानपिळीचा मान

खानापूरच्या भरमू आप्पांनी होणाऱ्या सुनेकडं हुंडा मागितला नाही. पुढारलेले गृहस्थ! त्यांनी फक्त तिचं रक्त मागितलं, तपासायला. कारण पूर्णिमाचा धाकटा भाऊ गुंडू डाऊन सिंड्रोमचा.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "प्रत्येक पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात. गुंडूच्यात एकविसावं एक जादा आलंय, गर्भ राहतानाच. म्हणून बोलणं उशिरा, चेहरा वेगळा, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन. दोष कुणाचाच नाही. आणि पूर्णिमाची गुणसूत्रं अगदी बरोबर आहेत."

आप्पांना विज्ञान पटलं. पूर्णिमाच्या घरी चहाला बसल्यावर ते म्हणाले, "पर लग्नात चार मोठी माणसं येणार. त्या दिवशी पोराला लोंढ्याला मावशीकडं धाडा. कानपिळीला चुलतभाऊ सौरव हाय की."

नवरदेव आदर्शनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. पूर्णिमा गोड हसून म्हणाली, "व्हय, आप्पा." हसरी सून आप्पांना फार आवडली. तिथंच ते फसले.

त्याच संध्याकाळपासून गुंडूचा सराव सुरू झाला, सौरवच्या कानावर. गुंडूला नवी गोष्ट शिकायला वेळ लागतो. शिकला की सोडत नाही. शिवाय दोन म्हशींच्या धारा काढणारा हात.

"नवरा 'माझा मेव्हणा' म्हणंपतोर सोडायचं न्हाय," पूर्णिमानं बजावलं.

लग्नात होमाची वेळ आली. सौरव आपला कान घेऊन वाढप्यांत रमला होता. नव्या जाकिटातला गुंडू पुढं आला, बहिणीच्या ओंजळीत नीट लाह्या घातल्या आणि नवऱ्याचा कान धरला.

मंडप हसला. आदर्शही हसला, थोडा वेळ.

"आयाई गं! सोड रं!"

आप्पा लगबगीनं मानाचे कपडे घेऊन धावले. "घे रं बाबा, झालं!" गुंडूनं कपड्यांकडं बघितलंही नाही.

"कोण हाय त्यो? सांगा की," पूर्णिमा नवऱ्याला हळूच म्हणाली.

"मेव्हणा! माझा मेव्हणा हाय!" भटजींच्या माइकनं ते पार जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचवलं.

पूर्णिमाचं काळीज निवलं. "सोड आता, गुंडू."

गुंडूनं आणखी एक पीळ दिला. "मला लोंढ्याला धाडणार?"

पूर्णिमा चपापली. हे तिनं शिकवलं नव्हतं. त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन गुंडूच दारात उभा होता. त्याला कळत असेल, हे कुणाच्या, तिच्यासुद्धा, मनात आलं नव्हतं.

"मी न्हाय! आप्पा म्हणालते!" नवरदेव माइकवर किंचाळला.

पाहुण्यांच्या माना आप्पांकडं वळल्या. गुंडूनं आदर्शचा कान सोडला, हात जाकिटाला पुसले आणि तोही तिकडंच वळला. आप्पांनी दोन्ही हातांनी फेटा कानांवर ओढला.

पूर्णिमानं पदर सावरला. नव्या सुनेला शोभेल अशा आवाजात ती म्हणाली, "आप्पा, फेटा जरा वर घ्या की. माझा भाऊ खोळंबलाय."