पोटातला रोट

भूल देणाऱ्या डॉक्टर सादिया खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. "मावशी, दुधासारखं पांढरं औषध असतं. शिरेतून गेलं की अर्ध्या मिनिटात झोप. पण घसाही झोपतो. पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जातं, जिवावर बेततं. रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"काहीच नही," मंजुळाबाई ठणकावून म्हणाल्या.

दीपमालाने चमकून आईकडे पाहिलं. पहाटे पिंपळनेरहून धुळ्याला निघताना तिनेच आईला कानबाई देवीच्या प्रसादाचा रोट दुधात कुस्करून भरवला होता. उद्या पुनव, त्याच्या आत रोट घरच्यांनीच संपवायचा. घरात आई एकटी. दीपमाला पडली सासरची, माहेरचा रोट लग्न झालेल्या लेकीला चालत नाही. आणि प्रसादाला खाणं म्हणतं का कोणी?

स्ट्रेचर आत गेलं. सांगावं तर ऑपरेशन पुढे जाणार. मागच्या खेपेला साखर वाढल्याने परत पाठवलं, तेव्हाच आई म्हणाली होती, आता पुन्हा परत आणलंस तर मी यायची नाही. पित्ताच्या खड्यांनी बिचारी तळमळायची. महिनाभर हातापाया पडून आणली होती तिला. दीपमाला बाकावर बसली, उठली, तोंडावर पाणी मारलं, परत बसली. एवढासा तर रोट! एवढासा कसला, वाटीभर होता. मेले, बोल ना!

चपलांसकट ती आत घुसली. नर्स ओरडली. पांढऱ्या औषधाची सिरिंज सलाईनच्या नळीला लागलेली होती.

"थांबा! तिने खाल्लंय. मीच भरवलंय."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "चारनंतर घेऊ. तोवर पाणीसुद्धा नाही."

"परसाद शे तो!" मंजुळाबाई कडाडल्या.

वॉर्डात आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आता ही उठून एसटी धरणार, दीपमालाने मनाशी धरलंच. तिला रडू यायला लागलं.

"दिपा," मंजुळाबाई भिंतीशीच बोलल्या, "पिशवीमा आखो एक रोट शे. तू खाई ले."

"माले कसा चालई, माय?"

"कानबाईले मी सांगसू. खा तू. चार वाजता माले आपरेशनले जानं शे."