ढबू मिरचीतला उजेड

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात पूर्णिमाने मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दुर्बीण बनवली होती. आज बेळगावच्या एका इस्पितळात त्या दुर्बिणीची परीक्षा होती. जिच्या मदतीने ढबू मिरचीच्या आतल्या बिया गर न फाटता निघतील, तीच दुर्बीण डॉक्टर पारमिता खऱ्या शस्त्रक्रियेत वापरून बघणार होत्या.

मोठ्या कंपनीचा विक्रेता, निपाणीचा नागेंद्र, याची पाळी आधी झाली. पडद्यावर मिरचीचं पोट लख्ख उजळलं, पण डॉक्टरांनी बी ओढताच गर फाटला. नागेंद्रने मिरचीच जून असल्याचं सांगितलं.

पूर्णिमाचं चित्र त्यामानाने मंद होतं.

"आक्का, दिवा वाढवा की! मॅडमना चाचपडायला लावताय व्हय?" नागेंद्र हसला.

पूर्णिमाला ते झोंबलं. तिने उजेड पूर्ण वाढवला, तसा डॉक्टरांचा हात थांबला.

"पांढऱ्या बिया, पांढरा गर, सगळं एकच झालंय."

असं का व्हावं? टोमणा विसरून पूर्णिमा पडद्याकडे वाकली. इतक्या जवळून पडलेल्या झगझगाटात सावल्या बुडाल्या होत्या, आणि सावलीच नसेल तर खोली कळणार कशी? तिने उजेड पहिल्यापेक्षाही कमी केला. चित्र अंधारलं, पण बीचा बारीक देठ उठून दिसला. डॉक्टरांनी तो चिमट्याने अलगद तोडला. गर शाबूत राहिला.

"शुक्रवारी शस्त्रक्रियेला ही दुर्बीण घेऊन या," त्या म्हणाल्या.

नागेंद्रने गुपचूप आपला दिवा बारीक केला.

"मॅडम, अजून एक मिरची मिळंल का?"