जुनी कॉइल चांगली होती

आमच्या घरात नाक एकट्या सासऱ्यांना होतं, बाकीच्यांना श्वास घ्यायला दिलेली नुसती भोकं. हे त्यांचंच म्हणणं. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ते तीस वर्षं माशांना धुरी देत आले आहेत. धूर कधी थांबवायचा हे घड्याळ बघून नाही, नाकाने ठरवायचं. त्याच नाकाने त्यांनी लग्नानंतरची दहा वर्षं माझ्या नाकी नऊ आणले. शेडमधून हाक यायची, "सूनबाई, दूध!" आणि मी धावत जाईपर्यंत दूध खरंच काठाला आलेलं असायचं. कांदा करपला, साबण बदलला, फडकं ओलं राहिलं, सगळं त्यांना तिकडे बसून कळायचं. मी तोंडाळ आहे, कुणाचं ऐकून घेत नाही, पण वासाशी वाद घालता येत नाही.

गेले आठ महिने मात्र अप्पांनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही नावं ठेवली नव्हती. दोनदा दूध उतू जाऊन शेगडीवर जळलं, तरी हाक नाही. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "उशिरा का होईना, तुझ्या वडिलांनी मला पदरात घेतलं." मनापासून बरं वाटलं होतं मला. अप्पांच्या ताटात मी न मागता माशाचा एक तुकडा जास्त वाढायला लागले होते.

माझा धंदा दुरुस्तीचा. पुढच्या खोलीत टेबल आहे, त्यावर लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या पोट उघडून पडलेल्या असतात. एका सकाळी अप्पा तिथे येऊन उभे राहिले.

"स्मोकरची कॉइल गेली आहे. धूर धरत नाही. मोठी बसव."

अप्पांचा स्मोकर म्हणजे विजेवरचं उंच लोखंडी कपाट. तळाला कॉइल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, वर माशांच्या जाळ्या. अप्पांचे मासे घेणाऱ्या हॉटेलच्या आचाऱ्याने त्यांच्या दोन पेट्या परत पाठवल्या होत्या, मासे कडू लागतात म्हणून. तिसरी कडू निघाली तर दुसरीकडे बघेन, असा निरोपही होता. अप्पांच्या मते दोष कॉइलचा होता. ती नीट तापत नाही, म्हणून ढलप्या कुजल्यासारख्या धुमसतात आणि कडवटपणा धरतो.

"आधी मीटर लावून बघते," मी म्हटलं.

"मीटरला काय कळतं? माझं नाक सांगतंय ना. तीस वर्षांत पहिल्यांदा माल परत आलाय. उद्याची पेटी परत आली तर कापलं जाईल हेच नाक."

मी मीटर खाली ठेवला. आठशे वॉटची कॉइल काढून बाराशेची आणली. ती सरळ बसेना. पत्र्याला दोन नवी भोकं पाडली, पट्टी कापून वाकवली, जाड वायर ओढली, चिनी मातीचे जोड लावले, अर्थिंग पुन्हा तपासलं. दुपारपर्यंत घाम निघाला. मग अप्पांनी ट्रेमध्ये ढलप्या घातल्या, पूर्वीसारख्या दोन मुठी नाही, चांगल्या पाच मुठी, आणि मासे न ठेवता नुसती चाचणी म्हणून स्मोकर चालू केला. मी स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं आणि हत्यारं ठेवायला पुढच्या खोलीत गेले.

जुनी कॉइल हातातच होती. हातांना सवय असते, मी मीटर लावला. सहासष्ट ओहम. आठशे वॉटच्या कॉइलचा जेवढा असावा तेवढाच. पुन्हा लावला. पुन्हा सहासष्ट. कॉइलला काहीही झालेलं नव्हतं.

तेवढ्यात वास आला. जळत्या रबराचा, घसा खरवडणारा. अंगण ओलांडून धावले.

स्मोकरचं दार उघडं होतं. काळा धूर बाहेर लोटत होता, आणि त्या धुरात तोंड घालून अप्पा उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहऱ्यावर समाधान.

"आता कसा धरतोय," ते म्हणाले. "थोडा अजून हवा, पण धरतोय."

मी बटण बंद केलं. पक्कड आत घालून वितळलेला गोळा बाहेर ओढला. माझाच रबरी हातमोजा, घाईत कॉइलपाशी राहिलेला. मी तो त्यांच्या नाकासमोर धरला.

"अप्पा, याचा वास येत नाही तुम्हाला?"

त्यांनी हुंगलं. मग मूठभर ढलप्या उचलून हुंगल्या. मग माशांची जाळी. मग स्वतःची बाही, जिच्यात तीस वर्षांचा धूर मुरला आहे.

"सर्दी अजून गेली नाही वाटतं," ते हळूच म्हणाले.

"कधीची सर्दी?"

"मागे तापाने झोपलो होतो, तेव्हापासूनची. नाक सुटेल म्हणून थांबलो."

त्या तापाला आठ महिने झाले होते. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

अप्पा पेटीवर बसले. "म्हणजे धूर कमी नव्हता."

"नाही. जुनी कॉइल चांगली आहे."

"आणि मी ढलप्या वाढवत गेलो. आचारी बरोबर बोलत होता." मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझा स्वयंपाक मग बेचव नव्हता?"

"होता तसाच आहे. का?"

"मला वाटलं, राग काढतेस. इतकी वर्षं टोचून बोललो तुला. म्हटलं, असेल राग, काढू दे. म्हणून मुकाट्याने जेवत होतो."

ज्या गप्प बसण्याला मी माया समजत होते, ती त्यांनी मुकाट्याने भोगलेली शिक्षा होती. आणि मी मायेने वाढलेला जास्तीचा तुकडा ते माझा राग समजून गिळत होते.

"जुनी परत बसवते," मी म्हटलं. "ढलप्या दोनच मुठी."

"आणि थांबवायचं कधी? उद्या मासे लावल्यावर मला कसं कळणार?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि रबराच्या घाणीतूनही मला स्वयंपाकघराकडून दुसरा वास आला. दहा वर्षांच्या सवयीने मी अप्पांकडे बघितलं, हाकेची वाट बघत. ते माझ्याकडे बघत होते, काही न कळून, उत्तराची वाट बघत.

"दूध लागतंय, अप्पा. उद्या धुराची हाकही मीच देईन," मी म्हटलं, आणि जागची हलले नाही.