अठरा नंबरची हजेरी

पिन निघत नव्हती. गंजून कापडातच रुतली होती – शाळेच्या गणवेशाच्या निळ्या पिनाफोरच्या कमरेला, मागच्या बाजूला, जिथं चार बोटं कापड दुमडून ती लावली होती... शालनबाईंनी नखानं जोर केला, नखच दुमडलं, आणि त्या चिडून म्हणाल्या, "सूट ना मेले!" ट्रंक उघडली होती शाळेचे फोटो शोधायला. फोटो राहिले तळाशी आणि हातात आलं हे. संध्याकाळी सोनिया येणार होती इतिहासाची दोन पानं न्यायला, आणि साडेदहा वाजले तरी कागदावर एकच ओळ होती – 'अंबरनाथला मिशनच्या सिस्टर लोकांनी मराठी माध्यमाची ही शाळा सुरू केली.'

इतिहास म्हणे! डोंबल इतिहास. शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली, शेवटच्या दहावीला नऊ मुलं होती, आता वर्गांत प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे. पण माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी स्मरणिकेचं काढलं आणि सोनियानं फोन केला, "टीचर, तुम्हीच लिहा. तुम्ही तिथल्याच स्टुडंट, तिथल्याच टीचर. फक्त पॉझिटिव्ह लिहा हां." सोनिया म्हणजे पाचवी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. आता पलीकडच्या कॅम्प तीन वसाहतीत जीन्सच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. मुलं मोठी होतात आणि बाईंना गृहपाठ देतात, झालं.

पिनाफोर त्यांनी पलंगावर पसरला, मग घडी केली, मग पुन्हा पसरला. ट्रंकेत परत टाकायला हवा होता. टाकला नाही. बेलवलीच्या या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर कुणी येत-जात नाही, कुणाला दिसणार आहे?

लिही, शालन. जे खरं आहे ते लिही – सुरुवात तरी खरी आहे. पंच्याहत्तर साल. वडील, रामभाऊ, शहाडच्या कारखान्यात पाळीवर, आणि आई, जनाबाई, मला हाताला धरून कॅम्प पाचवरून चालत निघालेली. दुसऱ्या शाळेत दाखल्यावरून परत पाठवलं होतं, आडनाव वाचून पाठवलं असं आई मरेपर्यंत म्हणायची. मिशनच्या फाटकाशी आई थांबली, आत जायचा धीर होईना तिला. पांढऱ्या झग्यातली एक गोरी सिस्टर स्वतः बाहेर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "नाव काय, बाळ?" दाखला नाही, आडनाव नाही, आधी माझं नाव. एवढ्यावर मी त्या शाळेला आयुष्य दिलं. लग्नानंतर ठाण्याची नोकरी चालून आली होती, ती सोडली. बत्तीस वर्षं शिकवलं तिथं. त्यात खोटं एक अक्षर नाही.

हे सगळं कागदावर भराभर उतरलं. आणि त्याच वेगात, पेन न उचलता, पुढची ओळही उतरली – 'या शाळेच्या फाटकावरून एकही मूल कधी परत गेलं नाही.' बाईंनी ती वाचली. छान ओळ होती. अगदी बोर्डावर रंगवण्यासारखी.

आणि मग भात लावायला उठल्या, कारण बसवेना.

दोन हजार अकरा, ऑक्टोबर. सरकारनं राज्यभर एकदम पटपडताळणी काढली – माणसं वर्गात येणार, डोकी मोजणार, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला निवडणुकीसारखी शाई लावणार. पटावरची निम्मीसुद्धा नाही भरली तर मान्यता जाणार. माझ्या तुकडीत नावं बेचाळीस आणि बसणारी मुलं एकोणीस. बाकीची नावं मीच कापली नव्हती, कारण नावं कापली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो... सगळ्याच शाळा तेच करत होत्या. सगळेच करत होते, वा! वर्गात एखादं पोर असं म्हणालं असतं तर अंगठे धरायला लावले असते मी त्याला. मुख्याध्यापिका सिस्टर बेनिग्ना मला म्हणाल्या, "शालन टीचर, मला काही सांगू नका. वर्ग भरलेला पाहिजे, बस." आणि चॅपेलमध्ये प्रार्थनेला जाऊन बसल्या. बराच वेळ.

मागे टॉवरचं बांधकाम चालू होतं, पत्र्याच्या खोल्यांतून मजूर राहायचे. तिथून पाच पोरं आणली. गणवेश आमच्या कपाटातले. त्यातली एक पोरगी सगळ्यात किडकिडीत, हा पिनाफोर तिच्या अंगावरून गळून पडत होता, म्हणून पिन लावली. तिला बजावलं, "अठरा नंबर. द्रौपदी नाथा पवार म्हटलं की हजर म्हणायचं." द्रौपदी पवार दोन वर्षांपूर्वीच गावाला गेली होती. पोरगी इतक्या जोरात "हज्जर!" म्हणाली की मोजणारा साहेबसुद्धा हसला. दिवसभर फळ्याकडे बघत होती. मी शिकवत होते ते तिला काय कळत असेल... पण बघत होती. माझ्याच पोरांनी इतकं लक्ष कधी दिलं नाही.

शाळा वाचली. त्यानंतर आठ वर्षं चालली, आठ दहाव्या झाल्या, त्यातलीच एक सोनिया. हे नाही का मोजायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला ती फाटकाशी उभी होती. एकटी. पिनाफोर तिनं परत दिलाच नव्हता, जुन्या फ्रॉकवर तोच घातलेला, पिन तशीच. केसांना तेल. मी म्हटलं, "तू का आलीस गं?" तर बोट वर केलं. "मला शाई लावलीया बाई. मी साळंतली हाय."

घेता आलं असतं. शिक्षणहक्काचा कायदा होता, दाखल्याशिवाय कुठल्याही दिवशी घेता आलं असतं. पण ती आदल्या दिवशी द्रौपदी म्हणून मोजलेली, पडताळणी अजून चालू, साहेब पुन्हा आला आणि त्यानं तोंड ओळखलं तर... "दिवाळीनंतर ये," म्हटलं मी. गोड आवाजात म्हटलं. आणि गणवेश शाळेचा म्हणून फाटकातच तिच्या अंगातून काढून घेतला. घाईत पिन सुटेना, तसाच डोक्यावरून ओढला. ती रडली नाही. हात वर करून उभी राहिली, आई कपडे काढते तेव्हा मुलं राहतात तशी. दिवाळीनंतर पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या.

भात करपला. बाईंनी गॅस बंद केला आणि तसाच, वरवरचा, उभ्यानं खाल्ला.

सोनिया साडेचारला आली. आल्या आल्या वाकून नमस्कार, मग पंख्याखाली बसून पानं वाचायला लागली, ओठ हलवत, पाचवीत वाचायची तशी. "टीचर, एक नंबर लिहिलंय. तुमची आई, ती सिस्टर... मला तर रडायला आलं. आणि ही लाइन – 'एकही मूल कधी परत गेलं नाही' – ही आपण कव्हरवरच टाकू या."

"असू दे गं आतच."

"नाही टीचर, कव्हरवरच. मस्त वाटेल." मग पलंगाकडे लक्ष गेलं. "अय्या, आपला युनिफॉर्म! आणि ही पिन... हा चिमीचा ना?"

"कोणाचा?"

"चिमी, टीचर. काउंटिंगच्या दिवशी माझ्या बाजूला बसवलेली ना तुम्ही. माझ्या डब्यातली अर्धी चपाती खाल्ली तिनं. तिला अ-आ येत होतं, दाखवलं तिनं मला."

शालनबाईंनी पिनाफोर जवळ ओढला. "नाव... नाव कसं माहीत तुला?"

सोनिया गोंधळली. "विचारलं ना मी."

"आणि दुसऱ्या दिवशी..." बाई म्हणाल्या.

"दिसलं ना खिडकीतनं. सगळ्यांनीच बघितलं." सोनिया सहज बोलत होती, तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग तर नव्हताच. "तुम्हीच सांगितलेलं ना, कुणाला काय बोलायचं नाही. आम्ही घरीपण नाही बोललो. जाऊ दे टीचर, झाकली मूठ. द्या पानं, प्रेसला टाकते."

समोरची ही पोरगी फाटकातलं सगळं बघून, लक्षात ठेवून, ती ओळ कव्हरवर टाकायला निघाली होती, आणि त्यात तिला काही खुपत नव्हतं. इतकं चांगलं शिकवलं मी. बत्तीस वर्षांत एक धडा सगळ्या वर्गाला पाठ झाला तो हा! लाज वाटली, इतकी की सोनियाकडे बघवेना.

पानांवर ठेवलेला हात त्यांनी उचलला नाही. "उद्या ने."

"टीचर, प्रेसवाला थांबलाय."

"उद्या म्हटलं ना." आवाज वर्गातला निघाला. सोनिया मुकाट उठली, चपला घालताना म्हणाली, "दहाला फोन करते हां मग," आणि जिना उतरून गेली.

बाई पेन घेऊन बसल्या. ती ओळ समोर होती. खोडली तर खाली काय लिहायचं, आणि लिहिलं तर सिस्टर बेनिग्नाचं काय, त्या आठ दहाव्यांचं काय, माझं काय... पेनाचं टोक ओळीवर टेकलं, पुन्हा उचललं गेलं. चौदा वर्षं त्या पोरीला मी मनात द्रौपदी म्हणत आले होते.

"चिमी," त्या म्हणाल्या. मोठ्यानं, हजेरी घेतात तशा. आणि नाव घेतलं की मान वर करून थांबायची बत्तीस वर्षांची सवय, त्या थांबल्या.