उतारावर उलटं

मरीताने सीटवरचा बर्फ हातमोज्याने झाडला, तेव्हा खाली उशी निघाली.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर असते तशी, चौकोनी, निळ्या चौकटींची. कोपऱ्यांचे बंद सीटच्या लोखंडी पाठीला गाठी मारून बांधलेले. चर्चच्या बाकावरची उशीसुद्धा उचलून बाजूला ठेवणाऱ्या बाबांच्या बुलडोझरवर ही कशासाठी, ते तिला कळेना. तिने एक गाठ चाचपून पाहिली. घट्ट होती, आणि जुनी.

"चढ, चढ. चावत नाही तो," खालून वेस म्हणाला.

वेस हेकिनन रस्त्यापलीकडे राहायचा. बाबांच्याच वयाचा, आता पाठीतून वाकलेला. ऑक्टोबरात बाबा गेल्यावर पहिल्या दोन वेळचा बर्फ त्याने आपल्या पिकअपला पातं लावून हटवला होता. पण या आठवड्यात तलावाकडून आलेलं वादळ तीन दिवस हललंच नाही, आणि पिकअपने पहिल्याच वळणावर हात टेकले. गाडी खणून बाहेर काढताना वेसने फिनिश भाषेतल्या सगळ्या शिव्या एकदा उजळून घेतल्या होत्या.

"हे लहान इंजिन आधी," तो म्हणाला. "ते तापलं की मोठ्याला उठवतं. शाळेच्या दिवशी धाकटा थोरल्याला उठवतो ना, तसं. आणि हे दोन दांडे. उजवा ओढलास की उजवीकडे वळतो, डावा ओढलास की डावीकडे. घोड्याचे लगामच समज."

"तुम्ही चालवलाय?"

"मी? आर्वो हात लावू देईल तर ना! पण जन्मभर बघतोय."

मरीता सीटवर बसली. पाय ठेवायला गेली तर ब्रेकच्या दोन्ही पेडलांवर लाकडाचे ठोकळे स्क्रूने पक्के बसवलेले. वरचं लाकूड घासून मऊ झालं होतं.

"वेसकाका, बाबांचे पाय पोचत नव्हते का?"

"आर्वोचे? त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे इथे बसला की."

"मग हे ठोकळे?"

वेसने मान वाकडी करून पाहिलं. "म्हातारपणी माणूस आटतो," तो म्हणाला. "मी दोन इंच आटलोय. बायको म्हणते, जिभेचं मात्र काही कमी झालं नाही." त्याने टोपी कानांवर ओढली. "चालू झाला की मी निघतो. कॉफी थंड होतेय माझी."

शेडमध्ये खिळ्याला बाबांचा कोट लटकत होता, लाल-काळ्या चौकटींचा, लोकरीचा, आणि त्याच्यावर कानपट्ट्यांची टोपी. वारा बोचत होता म्हणून मरीताने टोपी खिशात कोंबून कोट चढवला. लहानपणी या कोटात ती आणि भाऊ डेनिस दोघं मिळून मावायचे. आता बाह्या तिच्या मनगटाच्या बोटभर आधीच संपल्या. तिने उलटून पाहिलं. बाह्या आत दुमडून जाड काळ्या दोऱ्याने टाचलेल्या होत्या.

हातमोजे विसरले या निमित्ताने ती घरात गेली. आई टेबलाशी उभी राहून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"आई, बाबा उशी घेऊन बसायचे बुलडोझरवर?"

"म्हातारपणी माणूस कशावरही बसतो."

"आणि कोटाच्या बाह्या?"

"दांड्यात अडकायच्या." आईने मान वर केली नाही. "हातमोजे हातातच आहेत तुझ्या."

डेनिस उद्या ट्रक घेऊन यायचा होता. आईसाठी त्याने शहरात, आपल्या घराजवळ दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. अंत्यविधीच्या दिवशीच त्याने विचारलं होतं, आता रस्ता कोण उघडणार? टेकडीवरच्या घरापासून खाली मुख्य रस्त्यापर्यंतची ही वाट बंद झाली, की गॅसची गाडी वर येत नाही, आणि गॅस नाही आला की घर गोठतं. दुसऱ्या दिवसापासून आईने जुनी वर्तमानपत्रं साठवायला सुरुवात केली. आता ट्रक वर यायचा तर आधी वाट मोकळी हवी, म्हणजे आईला घरातून न्यायलासुद्धा बाबांचाच बुलडोझर लागणार होता. मरीताला हे बोलून दाखवावंसं वाटलं होतं, पण कोणाला दाखवणार?

लहान इंजिन तिसऱ्या खेपेला सुरू झालं. बऱ्याच वेळाने मोठं खोकलं, काळा धूर ओकला आणि लयीत आलं. वेसने दोन्ही हात वर केले आणि आपल्या जुन्या पायवाटेने घरी निघून गेला.

घरासमोरच्या सपाटीवर सगळं सोपं होतं. पातं खाली, दांडे सोडलेले, आणि समोर बर्फ गादीसारखा गुंडाळत जायचा. सफरचंदाच्या झाडापाशी ढीग लोटून ती मागे यायची. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. तिसऱ्या फेरीला आपण गुणगुणतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. बाबांना इथे बसून काय वाटत असेल? त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, थंडी.

मग ती उताराला लागली.

पुढे बर्च झाडांपाशी वळण होतं. डावीकडे ओढ्याचा खड्डा, उजवीकडे मोकळं शेत. याच वळणावर दर जानेवारीत, नाताळची सुट्टी संपवून ती मिनियापोलिसला परत निघायची तेव्हा, बाबा बुलडोझर कडेला घेऊन थांबलेले असत. नाकापर्यंत मफलर, कानपट्ट्या खाली. गाडी शेजारून जाताना ते दोन बोटं टोपीला लावायचे. बस, तेवढंच. घरातला निरोप त्याहून कोरडा. आई सिंकशी पाठमोरी भांडी घासत राहायची, दारापर्यंतही यायची नाही. ऑक्टोबरात फोन आला आणि मरीता पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हा शेवटचे बाबा म्हणजे तिच्यापाशी ती दोन बोटंच होती. गेले दोन महिने ती त्या दोन बोटांवरच काढत होती.

पात्यातला बर्फ कडेला सांडून गेला आणि बुलडोझर एकदम हलका झाला. वेग वाढला. यंत्र जरासं डावीकडे, ओढ्याच्या बाजूला सरकतंय असं तिला वाटलं. तिने उजवा दांडा ओढला.

बुलडोझर आणखी डावीकडे वळला.

तिने आणखी जोरात ओढला. लोखंडी नाक खड्ड्याकडे फिरलं. चाकांभोवतीच्या पट्ट्याखाली काठावरचा बर्फ फुटल्याचा आवाज तिला इंजिनवरून ऐकू आला.

"डावा! मरी, डावा ओढ! उतारावर उलटं असतं!"

कोण ओरडलं ते पाहायला वेळ नव्हता. तिने उजवा सोडला आणि डावा ओढला. यंत्र हिसका देऊन उजवीकडे, शेताकडे फिरलं. दोन्ही पाय ठोकळ्यांवर रोवून ती उभीच राहिली, आणि पट्टे थांबले.

आई मांडीभर बर्फातून येत होती. पायात घरातल्या सपाता, अंगावर अ‍ॅप्रन, डोक्याला काही नाही. बुलडोझरपाशी येऊन तिने पट्ट्यावर तळवा टेकला आणि धाप ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली.

"रिकामा उतरत असला की ज्या बाजूचा ओढशील ती बाजू सुटते," ती म्हणाली. "सुटलेली पुढे पळते. म्हणून उलटं. पातं भरलेलं असलं की नेहमीसारखं." मग तिने वर पाहिलं. "वेसने सांगितलं असेल ना, लगामासारखं? त्याला काय माहीत? त्याची वाट सपाट आहे."

मरीताने दांड्यांवरचे हात काढले.

"उतर. कोट दे."

मरीताने कोट काढून दिला. आईने तो चढवला, आणि बाह्या बरोबर तिच्या मनगटांशी येऊन थांबल्या. मरीताचे बूटही तिने मागून घेतले. एका हाताने दांडा, दुसऱ्याने पाठ धरून ती वर चढली आणि उशीवर बसली. पाय ठोकळ्यांवर पोचले. टोपी आणि मफलर खिशातून निघाले. कानपट्ट्या खाली ओढल्यावर तिथे आई उरलीच नाही.

सपाता घालून मरीता पोर्चपर्यंत गेली आणि तिथून पाहत राहिली. आई यंत्र मागे घेऊन आली, पातं तिरकं भिडवून शेताच्या बाजूला लांबवर ढीग लोटत गेली, मार्चमधल्या बर्फालाही जागा राहील इतक्या लांब. घाई नव्हती कुठे. शेवटी यंत्र शेडमध्ये आपल्या दोन फळ्यांवर चढून उभं राहिलं, पट्टे जमिनीला गोठून चिकटू नयेत म्हणून टाकलेल्या फळ्यांवर.

आत आल्यावर आईने ओले मोजे काढले आणि पाय ओव्हनच्या उघड्या दाराशी धरले. मरीताने वेलदोड्याचा पाव कापला.

"कधीपासून?" मरीताने विचारलं.

"त्याला डोळ्यांसमोरचं मधलं दिसेनासं झालं तेव्हापासून. कडेचं दिसायचं. बर्फात कडा कुठली? एकदा बुलडोझर ओढ्यात घालता घालता राहिला." आईने पाव कॉफीत बुडवला. "म्हणाला, वेसला कळलं की गावाला कळेल. मी म्हटलं, मग तुझा कोट दे."

"आम्हाला कसं कळलं नाही?"

"घर त्याला पाठ होतं. पेपर मी वाचून दाखवायचे. तुम्हाला वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं प्रेम उतू चाललंय." तिच्या ओठाची एक कड हलली. "ठोकळे त्यानेच बसवले. चाचपून. मापाला मला तासभर बसवून ठेवलं होतं."

"डेनिसला सांगितलं का नाहीस? इतके दिवस कपबश्या गुंडाळत बसलीस."

"काय सांगू? तुमच्या बापाला दिसत नव्हतं, आणि त्याने सगळ्यांना फसवलं?" आईने टेबलावरचे पावाचे कण बोटाने एकत्र केले. "त्याला नको होतं ना कोणाला कळायला."

"म्हणून घर सोडणार?"

आई कण गोळा करत राहिली.

मरीता उठून सिंकशी गेली. खिडकीतून वळण दिसत होतं, बर्चची झाडं, आणि त्यांच्या मधून खाली गेलेली स्वच्छ वाट. तिने नळ सोडला आणि बंद केला.

"मी निघायचे तेव्हा," ती म्हणाली. "वळणावर. दोन बोटं."

"तो तसंच करायचा. मी बघून बघून उचललं होतं."

"आणि इथे? पाठमोरी, भांडी..."

"ते आधीचं. मागची पाच-सहा वर्षं इथे कोण होतं, मागे वळून बघितलंस कधी?" आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "निरोप उरकलास की तू सरळ गाडीकडे. मी मागल्या दाराने शेडमध्ये, यंत्र सकाळीच तापवून ठेवलेलं. तू सामान चढवेपर्यंत मी वळणावर."

"बाबा?"

"तू उभी आहेस तिथे. गाडी दिसायची नाही त्याला. ऐकायचा. मुख्य रस्त्याला लागून आवाज पुरता गेला, की मग कॉफी मागायचा."

मरीता तिथेच उभी राहिली. खाली सिंकच्या कडेला, माणूस हात टेकेल तिथे, रंग उडालेला होता. तिने त्यावर हात ठेवला नाही. जरा वेळाने ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेनिसचा ट्रक थेट पोर्चपर्यंत आला. तो बूट आपटत आत शिरला.

"वा! वाट तर बाबांनी काढल्यासारखी आहे. कोणी काढली? वेसने? खाली भेटला मला. म्हणे, मरीच्या अंगात आर्वोचा हात उतरलाय."

मरीताने आईकडे पाहिलं. आई कॉफी ओतत होती.

"आजचं झालं," डेनिस खुर्ची ओढत म्हणाला. त्याचा आवाज आधीच समजुतीचा झाला होता. "उद्याचं काय? मरी परत जाईल. आई, मी काय तुला हौसेने नेतोय का इथून? पण वाटेचं तूच सांग. कोण आहे?"

खिडकीबाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. आईने किटली खाली ठेवली. अ‍ॅप्रनची गाठ सोडली, तो घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि क्षणभर त्या घडीवर हात ठेवून उभी राहिली.

"आत्ता तर पडायला लागलंय, आई. कुठे निघालीस?"

"बस. कॉफी आहे अजून."

मागलं दार लागलं. डेनिसने मरीताकडे पाहून भुवया उंचावल्या. तिने त्याच्या कपात साखर घातली. मग शेडकडून लहान इंजिनाचा चिरका आवाज आला, बराच वेळ येत राहिला, आणि मागून मोठं खोकलं.

डेनिस उठून सिंकशी गेला. काचेवरची वाफ त्याने बाहीने पुसली. लाल-काळ्या चौकटींचा कोट खिडकीसमोरून सावकाश उताराकडे चालला होता. जाता जाता दोन बोटं टोपीला लागली.

डेनिसचा हात सवयीने वर गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"मरी," तो म्हणाला. "ते कोण..."

मरीता कपबश्यांच्या खोक्यापाशी बसली होती. वरच्या बशीचं वर्तमानपत्र तिने उलगडलं, बशी पुसली, आणि फडताळात जिथे असायची तिथे लावली. मग दुसरी उचलली.